ताईचे हात अडकतात

बाइंडरकाकांच्या घरी कुणाला हाक मारायची झाली तर तोंड उघडून उपयोग नसे, दिव्याचं बटण दाबावं लागे. दिवा एकदा लुकलुकला की "जरा इकडे बघा", आणि भराभर लुकलुकला की "हातातलं टाका आणि आधी इकडे बघा." काकांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मोठ्या बहिणीलाही नाही. बाकी आईवडील, चुलते, शेजारीपाजारी सगळे बोलणारे, आणि या दोन मुलांशी वागावं कसं हे कुणालाच न उमगलेलं. मग त्या दोघांनी शाळेत जायच्या आधीच आपल्यापुरती एक भाषा तयार केली. गालावर बोट घासलं की आई, कारण आईच्या गालावर भाजल्याचा डाग होता. कानाची पाळी पिळली की चुलते, का ते सांगायला नको. नाकपुडी दाबली की दूध. ते का, हे मोठेपणी दोघांनाही आठवेना, पण दूध म्हणजे नाकपुडीच.

पुढे कर्णबधिरांच्या शाळेत रीतसर खुणांची भाषा शिकवली गेली. ती जगाशी बोलायला. आपापसात मात्र दोघांची जुनीच चालायची, नव्या भाषेत कालवलेली. ती भाषा येणारी माणसं जगात दोनच होती.

काका छापखान्यात बाइंडिंगला लागले आणि म्हातारे होईतो तिथेच राहिले. तिथे यंत्रांचा एवढा धडधडाट, की धड कान असलेले कामगारसुद्धा एकमेकांशी हातवारे करूनच बोलत. काका त्या दिवसांबद्दल सांगताना दोन्ही हात ऐटीत उडवून म्हणत, "तिथे माझं काहीच कमी नव्हतं. उलट बाकीचेच माझी नक्कल करायचे, आणि तीही वाईट!" काकू त्याच छापखान्यात छापील कागदांना घड्या घालायच्या कामावर होत्या. त्यांना ऐकू यायचं. लग्न ठरायच्या आधीच त्या खुणा शिकल्या, आणि लग्नानंतर हातांनी इतकं बोलायला लागल्या की काका कधीकधी डोळे मिटून घेत. ऐकायचं नसेल तर त्यांच्याकडे तेवढा एकच उपाय होता.

त्यांना एक मुलगा. त्याला ऐकू येत होतं आणि काकू दिवसभर कामावर असत, म्हणून बोलता यायला लागल्यापासून तोच वडिलांचा कान झाला. डॉक्टरांकडे, घरमालकाकडे, बँकेच्या खिडकीशी तो बाकावर चढून उभा राहायचा आणि मोठ्या माणसांचं बोलणं वडिलांना हातांनी सांगायचा. अशी मुलं लवकर शहाणी होतात आणि पुढे त्यांना सगळ्यांचं सगळं आपणच बघायची सवय लागते. कंटाळा आला तरी सुटत नाही.

ताईचं लग्न होऊन ती फार लांब गेली. विमानाशिवाय जाणं नाही, आणि विमान काही दर वर्षी परवडणारं नाही. पत्रं यायची, पण लिहायची भाषा दोघांच्या हाताला परकी होती. "इकडे सर्व ठीक. काळजी नसावी." एवढंच लिहिता यायचं. नाकपुडीची खूण कागदावर उतरवणार कशी? अशी कित्येक वर्षं गेली. मग एके दिवशी मुलाने टॅबलेट आणला, ताईच्या नवऱ्यानेही तिकडे घेतला, आणि भाऊबहीण काचेतून एकमेकांसमोर आले. दोघांचेही हात बराच वेळ मांडीवरच पडून होते. शेवटी ताईने गालावर बोट घासलं. मग जी सुरुवात झाली ती जेवण गार होईपर्यंत.

त्यानंतर संध्याकाळचा चहा झाला की ताईचा कॉल, हे घराचं वेळापत्रकच झालं.

सुनेची नोकरी घरून सुरू झाली तेव्हा मुलाने नवा राउटर आणला. सून एका विमा कंपनीत नव्या लोकांना काम शिकवायची. दिवसभर खोलीत बसून पडद्यावरच्या माणसांशी बोलायची. राउटरबरोबर मोठा टीव्हीही आला. राउटरचा डबा दिसायला बरा नाही म्हणून काकूंनी तो टीव्हीखालच्या कपाटात ठेवला आणि दार लावून टाकलं. त्याच सुमारास ताईचे हात अडकायला लागले.

ऐकणाऱ्या माणसाला याचं फारसं काही वाटत नाही. चित्र थांबलं तरी आवाज चालू असतो, आपण म्हणतो, "तुझा चेहरा थांबलाय, पण बोल, ऐकू येतंय." काकांसाठी चित्र थांबलं की सगळंच थांबलं. ताईचा हात हवेत अर्धा उचललेला, बोटं चौकोनी ठिपक्यांत फुटलेली. पुढच्या क्षणी ती एकदम वाक्याच्या शेवटाला पोचलेली असे. मधलं कुठे सांडलं, कुणास ठाऊक.

एका संध्याकाळी कॉल चालू असताना काकांनी मेहुण्यांची चौकशी केली. ताईने नवऱ्याची खूण केली, बोट वर आभाळाकडे नेलं, आणि चित्र गोठलं. गोठलं ते नेमकं तिची पापणी मिटलेली असताना. ओठ ओढलेले, डोळे मिटलेले, बोट वर. मग कॉल तुटला. पुन्हा लागेना.

काकांनी दिवा भराभर लुकलुकवला. काकू पोळपाट टाकून धावत आल्या.

"ताईचा नवरा वर गेला," काका म्हणाले. म्हणजे हातांनी म्हणाले.

काकूंनी मेहुण्यांच्याच नंबरावर फोन लावला, कारण त्या घरात ऐकू येणारे तेवढेच एक होते. आता कोण उचलणार, शेजारी की आणखी कुणी, आणि आपण काय बोलायचं, या विचारात त्या होत्या तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला, "हॅलो!"

काकूंनी एकदम विचारलं, "तुम्ही... तुम्ही कुठे आहात?"

"आत्ताच वरून उतरलो. गच्चीवर टाकी धुवायला गेलो होतो. का हो?"

काकू रडता रडता हसल्या, मुलगा आणि सून तर पोट धरून हसले. काका हसले नाहीत. ते अजूनही टॅबलेटसमोर बसले होते. त्या थोड्या वेळात त्यांनी मनातल्या मनात ताईचं पांढरं कपाळ पाहिलं होतं, विमानाचं तिकीट काढलं होतं. हसणं ओसरल्यावर त्यांनी मुलाला खूण केली, "हे दुरुस्त कर."

"रविवारी बघतो, बाबा."

रविवार आला आणि गेला. सुनेने इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्यांदा लावला, तेव्हाही तेच. काकांना स्वतःला फोन करता येत नव्हता आणि कंपनीला फोनखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मग काकांनी कपाटाचं दार उघडलं, राउटर बाहेर काढला, उलटा केला. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक पत्ता आणि पासवर्ड होता. मुलाचा जुना लॅपटॉप उघडून त्यांनी तो पत्ता एकेक अक्षर बघून टाइप केला.

पान उघडलं. वरवरच्या सेटिंग होत्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत "ॲडव्हान्स्ड." तिथे बोट नेलं की सूचना यायची: यातलं कळत नसेल तर बदल करू नका. काकांनी ती वाचली आणि सोडून दिली. आयुष्यभर लोक त्यांना हेच सांगत आले होते.

ते महिनाभर शिकले. खाली लिहून येणारे व्हिडिओ लावायचे, अडलं की थांबवायचे. कुठल्याशा देशातला एक कर्णबधिर इलेक्ट्रिशियन हातांनी राउटर समजावून सांगायचा. त्याच्या खुणा वेगळ्या होत्या, तरी काकांना त्याचं सगळ्यांत लवकर कळायचं. त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घुसवून दाखवलं की एका इमारतीतले सगळे राउटर एकाच वाटेने बोलायला लागले की कशी चेंगराचेंगरी होते. त्या वाटांना चॅनल म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. काकांनी आपल्या इमारतीतल्या वाटा तपासल्या. सगळे शेजारी एक, सहा आणि अकरावर कोंबलेले. तेरा नंबर मोकळा पडलेला.

एका दुपारी काकांनी तेरा नंबर निवडला आणि "सेव्ह" दाबलं.

विचार चुकीचा नव्हता. चुकलं एवढंच, की काही यंत्रांना तेरा नंबर दिसतच नाही. सुनेचा ऑफिसचा लॅपटॉप त्यातलाच. वीसेक नवी माणसं तिच्याकडे बघत असताना तिच्या यादीतून घरचं नेटवर्क पुसल्यासारखं नाहीसं झालं. ती खोलीतून तरातरा बाहेर आली. ती काय बोलली ते काकांना ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येत होते आणि वाचले नसते तरी चाललं असतं.

काका घाबरले. घाबरल्यावर माणूस करतो तेच त्यांनी केलं: सगळं आधीसारखं करायला गेले. राउटरच्या मागे एक बारीक भोक होतं. पुठ्ठ्याला भोकं पाडायची त्यांची जुनी आरी काढून त्यांनी ती त्यात दाबून धरली. राउटरने सगळे दिवे विझवले, आणि पुन्हा लावले तेव्हा तो दुकानातून आणल्यासारखा कोरा झाला होता. घराचं नाव, पासवर्ड, कंपनीशी जोडलेला धागा, काहीच शिल्लक नाही.

संध्याकाळी मुलाने येऊन कंपनीशी दोन तास डोकेफोड केली आणि सगळं परत बसवलं. शेवटी राउटरचा आतला पासवर्डही बदलला. मग वडिलांसमोर उभा राहून त्याने एक बोट हलवलं: हात लावायचा नाही. लहान मुलांना सांगतात तसं.

काका उठले. आपल्या खोलीत गेले. काकूंनी मुलाला विचारलं, "अरे, त्यांच्याशी असं बोट हलवून बोलतोस तू?"

"आई, मी थकलोय गं," तो म्हणाला. "लहानपणापासून यांचं सगळं मीच निस्तरतोय. एवढी एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोडायला काय हरकत आहे?"

काकूंना दोघांचंही पटलं आणि दोघांचंही वाईट वाटलं. त्या पोळ्या लाटायला गेल्या.

सुनेचा राग दोन दिवसांत उतरला. तिची कामाची वेळ सकाळची झाली तसं तिला संध्याकाळ मोकळी मिळू लागली, आणि एकदा ती चहाचा कप घेऊन सासऱ्यांच्या मागे येऊन बसली. ताईचा कॉल चालू होता. सुनेला खुणा थोड्याफारच येत, पण बघायला भाषा कशाला लागते? चित्र चालायचं, थांबायचं, उडी मारायचं. काका दोन्ही हात छातीशी धरून वाट बघायचे. चित्र हललं की मान डोलवायचे, हसायचे, "हो, हो" करायचे. कॉल संपला.

तिने कप खाली ठेवला आणि जमेल तशी खूण केली, "आत्या काय म्हणाल्या?"

काकांनी खांदे उडवले. "काय माहीत."

"मग मान का डोलवत होता?"

काकांनी तिला कळावं म्हणून हात सावकाश चालवले. "पुन्हा सांग, पुन्हा सांग, किती वेळा म्हणू? ती दमते. बोटं दुखतात तिची आता. मला कळलं असं वाटलं की तिला बरं वाटतं."

"कधीपासून?"

काकांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. हा आला तेव्हापासून.

सुनेचं स्वतःचं पोटच समोरच्याला कळलं की नाही हे ओळखण्यावर चालायचं. ती उठून आत गेली. नवराबायकोत काय बोलणं झालं ते काकांना कळलं नाही, पण दार उघडं होतं आणि सून हात हलवून बोलत होती, खुणांची भाषा नसलेले नुसतेच तावातावाचे हात. थोड्या वेळाने ती बाहेर आली. तिच्या तळहातावर पेनाने नवा पासवर्ड लिहिलेला होता. तिने तळहात काकांसमोर धरला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं लॅपटॉपसमोर बसले. तिला त्या पानावरचे शब्द कळत होते पण त्यांनी काय होतं ते माहीत नव्हतं. काकांना काय करायचं ते माहीत होतं पण शब्द अडायचे. त्यामुळे काम नीट चाललं. आधी राउटर कपाटातून काढून पॅसेजमधल्या उंच फळीवर ठेवला. काकूंनी नाक मुरडलं, पण फळी पुसून दिली. मग काकांनी एका वायफायची दोन केली. एक सावकाश पण भिंती ओलांडून लांबवर जाणारं, आणि दुसरं वेगवान पण जवळच्या जवळ पोचणारं. टॅबलेट वेगवानवर घेतला. सावकाशला या वेळी अकरा नंबर दिला. त्यातल्या त्यात तिथे गर्दी कमी होती.

मग प्रायॉरिटीचं पान उघडलं. राउटरने कुणाला आधी वाट द्यायची, ते इथे ठरतं. घरातली सगळी यंत्रं तिथे होती, पण नावं नव्हती, नुसती अक्षरांची आणि आकड्यांची माळ. कोणती माळ कुणाची? काका एकेक वस्तू बंद करत सुटले. पानावरून जी नाहीशी होईल ती ती. काकूंचा फोन बंद केला तेव्हा काकू ओरडल्या, अर्थात वाया.

सगळी ओळख पटल्यावर सुनेने यादी वरून खाली वाचली. पहिल्या नंबरवर टीव्ही होता. दुसऱ्यावर तिचा लॅपटॉप. काकांचा टॅबलेट "इतर" या रकान्यात होता, वॉशिंग मशीनच्याही खाली.

"हे मुद्दाम नाही हो बाबा," ती घाईने म्हणाली. "नवीन टीव्ही आला तेव्हा अडकत होता, म्हणून याने टाकलं असेल. तुमचं लक्षातच आलं नसेल."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. त्यांनी वॉशिंग मशीनला नमस्कार केला. सुनेला हसू फुटलं.

मग ती टॅबलेटला पहिल्या नंबरवर नेऊ लागली तर काकांनी तिचा हात धरला. "आधी तुझी नोकरी. तुझं काम चालू असेल तेव्हा तू पहिली. काम संपलं की मी." तशी वेळेची सोयही त्या पानावर होती, काकांनी ती हेरून ठेवली होती. टीव्हीला कुठे टाकायचं यावर दोघांचं चटकन एकमत झालं.

मुलगा एवढा वेळ सोफ्यावर वर्तमानपत्र धरून बसला होता. पान मात्र उलटलं नव्हतं. तो उठला, माळ्यावरून वायरीचं वेटोळं काढलं आणि पॅसेजपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेने वायर ठोकत आला. "टीव्हीला थेट वायर दिली तर वायफायवरचं ओझंच जाईल," तो वडिलांना म्हणाला. मग हातोडी खाली ठेवून त्याने मोकळ्या हातांनी माफी मागितली. काकांनी त्याच्या केसांतला भिंतीचा चुना झटकला आणि एक खिळा वाकडा गेलाय तो दाखवला.

संध्याकाळी ताईचा कॉल आला. ताई बोलायला लागली आणि तिचे हात वाहायला लागले. बोटांच्या पेरावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. काका पुढे सरकले, मग आणखी पुढे, आणि एकदम त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हे स्वयंपाकघर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

"तुझं नाही. तुझ्या भिंती हिरव्या होत्या. खिडकी या बाजूला होती."

ताईने कपाळावर हात मारला. "ते घर सोडून किती दिवस झाले! तिथले जिने चढवत नव्हते. तुला तीनदा सांगितलं. दर वेळी तू मान डोलावलीस!"

काकांनी खरं ते सांगून टाकलं. ताईने ते बघितलं आणि तीही ओशाळली. "तू मागे मोठं काहीतरी सांगत होतास," ती म्हणाली, "हातात टोकदार काहीतरी धरल्यासारखं. सून चिडली, मुलगा चिडला, एवढं दिसलं. मला वाटलं तू कुणाला भोसकलंस. विचारायची भीती वाटली, म्हणून मीही मान डोलावली."

काकांनी ते काकूंना नेहमीच्या खुणांत सांगितलं आणि काकूंनी सगळ्यांना बोलून, तेव्हा मुलगा हसता हसता सोफ्यावरून घसरला. या वेळी काकाही हसले. मग ताईने टॅबलेट उचलून भावाला नवं घर दाखवलं, आणि खोल्यांतून हिंडताना मागच्या अंगणाच्या दारापाशी चित्र पुन्हा अडखळलं.

या वेळी दोष तिकडच्या राउटरचा होता. काकांनी तिला तो शोधायला लावलं. तो फ्रिजच्या मागे निघाला. "बाहेर काढ. उलटा कर. चिठ्ठी वाच," काका हातांनी सांगत गेले आणि ताई, जिने आयुष्यात कधी टीव्हीचा रिमोटही नवऱ्याच्या हातातून घेतला नव्हता, चष्मा कपाळावरून खाली ओढून एकेक पान उघडत गेली. अडचण एकच होती. तिने "सेव्ह" दाबलं की तिचा राउटर नव्याने सुरू व्हायचा आणि काका तिच्या समोरून नाहीसे व्हायचे. पहिल्यांदा ती फार घाबरली. परत आली तेव्हा भावालाच रागावली, "सांगता सांगता कुठे जातोस?"

"मी इथेच आहे," काका म्हणाले. "तू जातेस. जा, घाबरू नकोस. आता पुढचं पान."

तिने पुढचं पान उघडलं, बोटाने ओळ धरून वाचली, भावाकडे पाहिलं. काकांनी होकार दिला. तिने बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. काका टॅबलेटसमोर हात मांडीवर घेऊन बसून राहिले. सुनेने आणलेला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवायला सांगितला. आता कुठल्याही क्षणी ताई परत येणार होती, आणि तेव्हा दोन्ही हात रिकामे असायला हवे होते.